मोजणारा मेंढपाळ

(शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १५, वचने ३ ते ७)

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान लेकरांसही ठाऊक आहे. मेंढपाळ रानात हिंडला, मेंढरू सापडले, ते खांद्यावर घेऊन तो आनंदाने घरी आला, एवढे सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु हे सर्व करण्याच्या आधी त्याने जे केले त्याकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. शंभरांपैकी एक उणे आहे हे त्यास कळले कसे? आपल्या धनगर बंधूंस हे सांगावे लागत नाही. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभे राहून त्याने मेंढरे मोजली, म्हणून कळले. शंभरांच्या कळपातून एक गेल्याने कळप दिसावयास काही लहान दिसत नाही. जो मोजीत नाही त्याचेही मेंढरू हरवते, पण ते त्यास कळत नाही; आणि कळत नाही म्हणून तो शोधावयासही निघत नाही. शोध हे प्रीतीचे काम खरे, पण त्या प्रीतीचे पहिले पाऊल गणती होय.

प्रिय वाचकहो, लढाईमुळे घरदार सोडून पळालेल्या लोकांची गणती हा विषय आम्ही आजच्या मननासाठी घेतला आहे. आकडे, रकाने व याद्या ह्यांत उपदेशकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. तथापि पवित्र शास्त्रातील एका संबंध पुस्तकाचे नावच ‘गणना’ आहे, हे विसरून चालणार नाही. देवाने आपल्या लोकांस रानातून नेले तेव्हा त्यांची कुळवार मोजदाद करविली. जे लोक वाटेवर आहेत त्यांचा हिशेब ठेवणे हे त्याच्या दृष्टीने हलके काम नव्हते.

कूश म्हणून ज्या देशाचा उल्लेख जुन्या करारात वारंवार येतो, व ज्याच्या कंदाके राणीचा अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत असता फिलिप्पास भेटला, त्या देशाची भूमी आज बहुतांशी सूदानात मोडते. तेथे १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूम ह्या राजधानीच्या शहरात सरकारी सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस नावाचे सशस्त्र दल ह्यांच्यात युद्ध पेटले व ते देशभर पसरले. २०२४ च्या अखेरीस देशातल्या देशात परागंदा झालेल्यांची संख्या १ कोटी १६ लाख भरली. असल्या नोंदी ठेवणारी एक संस्था १९९८ पासून जिनीव्हा येथे काम करीत आहे. तिच्या दप्तरी कोणत्याही एका देशाची इतकी मोठी संख्या पूर्वी कधी लागली नव्हती. २०११ च्या खानेसुमारीत मुंबई शहराची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख होती. जवळजवळ सगळी मुंबई, म्हातारी माणसे, बाळंतिणी व तान्ही मुले ह्यांसह, हाती येईल ते गाठोडे घेऊन रस्त्यास लागली, असे मनात आणून पाहावे.

अशा वेळी साहाय्य करावयास निघालेल्या मनुष्यापुढे पहिला प्रश्न धान्याचा नसतो. माणसे किती, ती कोठे आहेत व कोणत्या स्थितीत आहेत, हा पहिला प्रश्न असतो. साहाय्यसंस्थांनी आपसांत काही प्रमाणे ठरविली आहेत. प्रत्येक माणसास पिण्यास, स्वयंपाकास व अंग धुण्यास मिळून दिवसास निदान १५ लिटर पाणी, आणि वीस माणसांमागे एक शौचकूप, ही त्यांपैकी दोन. एका छावणीत १०,००० माणसे आहेत असे समजा. त्यांस रोज दीड लाख लिटर पाणी व ५०० शौचकूप लागतील. परंतु यादीत ८,००० नावे असली, तर ३०,००० लिटर पाणी दररोज कमी पडेल. तहानेने व्याकूळ झालेली आई साचलेल्या डबक्यातले पाणी लेकरास पाजील, आणि पटकीची साथ तेथून सुरू होईल. कागदावरची चूक कागदावर राहत नाही. ती दोन दिवसांत मुलाच्या पोटात उतरते.

इतकेच नव्हे. जिवंतांची गणती नसेल तर मेलेल्यांची गणतीही समजत नाही. दुष्काळ कशास म्हणावे ह्याविषयी जाणत्या लोकांनी तीन कसोट्या ठरविल्या आहेत : शेकडा वीस कुटुंबांस खावयास जवळजवळ काही नाही; शेकडा तीस मुले अत्यंत रोडावलेली आहेत; आणि दर दहा हजार माणसांत रोज दोन माणसे भुकेने, किंवा भूक व रोग ह्या दोहोंच्या योगे मरत आहेत. एखाद्या छावणीबाहेर रोज वीस थडगी खणली जातात. तेथे एक लाख लोक असतील तर ही तिसरी कसोटी नुकती लागू झाली; पन्नास हजार असतील तर संकट दुप्पट झाले. थडगी तीच, पण लोकसंख्या ठाऊक नसेल तर ती काय सांगतात हे कोणासही वाचता येत नाही.

ही गणती होते तरी कशी? आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २००४ साली इराक देशात ह्या कामाची एक रीत घातली. तीच पुढे अनेक देशांत गेली व सूदानातही चालते. त्या त्या देशाच्याच स्त्रीपुरुषांस शिकवून तयार करितात. ते गावोगाव फिरून तेथील शेख, शाळामास्तर, दवाखान्यातील परिचारिका व छावणीचे पंच ह्यांस विचारतात : किती कुटुंबे आली? कोठून आली? केव्हा आली? शाळेत उतरली, नातलगांकडे राहिली, की झाडाखाली पडून आहेत? पाणी किती दूर आहे? आजारी किती? मग एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहतात, काही दिवसांनी फिरून येऊन पुन्हा विचारतात. नाक्यांवर व नदीच्या उतारांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करितात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूदानच्या पुष्कळ भागांत दूरध्वनी व तारायंत्रणा बंद पडली, तरी हे काम थांबले नाही. मोजणाऱ्यांपैकी कित्येक स्वतःच घर गमावलेले होते. त्यांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत. आपण प्रार्थनेत त्यांची आठवण करावी हे योग्य आहे.

ह्या कामाचे मोल काय, हे दारफूर प्रांतातील झमझम छावणीच्या वृत्तान्तावरून दिसते. अल्-फाशेर शहराच्या दक्षिणेस असलेली ही छावणी मागील युद्धाच्या वेळची. नव्या युद्धात तीत सुमारे ५ लाख माणसे दाटली. जानेवारी २०२४ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ह्या संस्थेच्या वैद्यांनी तेथे पाहणी केली. मुलांचे दंड मापून पाहिले, घरोघर मृत्यू विचारले, आणि दर दोन तासांस निदान एक मूल मरत आहे असा हिशेब जगापुढे ठेविला. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी तेथे दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले. तोपर्यंत तेथे भूक आहे असे म्हणणे ही एक बाजू व नाही असे म्हणणे ही दुसरी बाजू असा वाद घालण्यास वाव होता. दंडावरच्या फितीने तो वाव ठेविला नाही.

तेव्हा ही गणती कशी असावी, ह्याविषयी शास्त्राच्या आधाराने आपण चार गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट, गणती खरी असावी. १९९४ साली रुआंडातील भयंकर संहारानंतर लाखो लोक सरहद्द ओलांडून त्या वेळच्या झैर देशात, गोमा शहराजवळ गेले. पटकी व रक्तआव ह्यांनी पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० माणसे तेथे मेली. त्या छावण्यांत जुन्या राजवटीच्या पुढाऱ्यांनी याद्या व वाटप आपल्या हाती घेतले. ते आकडे फुगवून सांगत आणि जादा धान्य आपल्या माणसांकडे वळवीत. यादीत खोटे नाव घालणे हे गोदामातून पोते पळविण्यासारखेच आहे; फरक इतकाच की चोर दिसत नाही. शास्त्रात खोट्या मापाचा व खोट्या वजनांचा निषेध ठिकठिकाणी केला आहे. खोटी यादी हे आपल्या काळातले खोटे माप होय. मात्र भुकेल्या बापाने दोनदा नाव लिहविले तर त्याच्यावर दगड उचलण्यापूर्वी आपण थांबावे. ज्याचे पोट भरलेले असून जो दुसऱ्याच्या भुकेचा व्यापार करितो त्याचा न्याय निराळा आहे.

दुसरी गोष्ट, गणतीने कोणास वगळू नये. एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचावयास कंटाळवाणा म्हणून आपण सोडून देतो. पण तो काय आहे? बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या निर्वासितांची ती यादी आहे. एकंदर ४२,३६० माणसे, आणि त्यांशिवाय ७,३३७ दास व दासी. त्या यादीत मध्येच काही लोकांची नोंद येते, की त्यांस आपले घराणे व वंश सिद्ध करून दाखविता आला नाही. आजच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांचे कागद हरवले होते. ते ६५२ होते. याजकपणाच्या बाबतीत पुराव्याचा आग्रह धरला गेला हे खरे, परंतु ह्या ६५२ जणांस लिहिणाऱ्याने यादीबाहेर ठेविले नाही. त्यांची संख्याही त्याने मांडली. जळत्या घरातून मनुष्य आधी मूल उचलतो, दाखला उचलीत नाही. ज्याच्याजवळ कागद नाही तोच बहुधा सर्वांहून अधिक गरजू असतो.

त्याचप्रमाणे प्रेषितांच्या वेळी यरुशलेमातील मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असे. कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसविले नाही. सात विश्वासू पुरुष नेमून वाटप नीट लाविले. आजही वगळल्या जातात त्या बहुधा विधवाच. गणती करणारा कुटुंबप्रमुखास विचारतो, आणि विधवेचे कुटुंब दिराच्या किंवा पुतण्याच्या नावाखाली झाकून जाते. म्हणून शहाणे मोजणारे आता स्त्रिया किती, पुरुष किती, पाच वर्षांखालील मुले किती, गरोदर किती, अपंग किती, एकटी राहिलेली मुले किती, असे वेगवेगळे लिहितात. व स्त्रियांस विचारण्यासाठी स्त्रियांस पाठवितात. शिवाय पुष्कळ निर्वासित छावणीत नसतातच; ते नातलगांच्या व ओळखीच्यांच्या घरी राहतात. सारफथच्या विधवेने मूठभर पिठात एलीयास वाटेकरी केले. अशा घरांचे पीठही संपत येते. पाहुण्याबरोबर यजमानही मोजला पाहिजे.

तिसरी गोष्ट, गणती मोजल्या जाणाऱ्यांच्याच हितासाठी असावी. दावीद राजानेही गणती करविली. यवाब नऊ महिने व वीस दिवस देशभर फिरला आणि तरवार चालविणारे इस्राएलात ८ लाख व यहूदात ५ लाख आहेत असे त्याने येऊन सांगितले. त्या आकड्यांत विधवा नाही, मूल नाही, पांगळा नाही. राजास आपले बळ पाहावयाचे होते, लोकांची गरज पाहावयाची नव्हती. त्या गणतीने लोकांवर मरी आली, आणि राजाच्या पापाची शिक्षा त्याच्या मेंढरांनी भोगिली. तेव्हा मोजणे मात्र पुरेसे नाही. कोण मोजतो व कशासाठी मोजतो हे पाहिले पाहिजे.

ह्याचे दारुण उदाहरण युरोपात घडले. हॉलंड देशात रहिवाशांची नोंदवही फार व्यवस्थित ठेवलेली असे. १९४० साली नाझी जर्मनीने तो देश घेतला, आणि दुसऱ्या वर्षी यहूदी लोकांस निराळी नोंद करावयास लाविले. तेथील सुमारे १,४०,००० यहूद्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. त्यांस शोधून काढण्यास त्या नीटनेटक्या नोंदींचे फार साहाय्य झाले. २७ मार्च १९४३ रोजी काही देशभक्तांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीस आग लाविली. त्यांपैकी बारा जणांस पुढे गोळ्या घालण्यात आल्या. एकाच वहीतून भाकर वाटता येते व त्याच वहीतून माणसे वेचून मारताही येतात. अलीकडे, २०२१ साली, ‘ह्यूमन राइट्स वॉच’ ह्या संस्थेने बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांविषयी अशी तक्रार मांडली की साहाय्यासाठी घेतलेली त्यांची माहिती ज्या म्यानमार सरकारच्या भयाने ते पळाले त्याच सरकारच्या हाती गेली, व पुष्कळांची त्यास समजून दिलेली संमती नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीने आपली बाजू मांडली. परंतु प्रश्न सर्वांनी मनावर घेण्याजोगा आहे. म्हणून चांगल्या मोजणाऱ्याचा नियम असा : लागेल तेवढेच विचारावे, कशासाठी विचारतो ते सांगावे, नको म्हणणाऱ्यास भाकर नाकारू नये, आणि नावे कुलुपात ठेवावी. कित्येक वेळा नावाची गरजच नसते; अमुक विहिरीजवळ इतकी कुटुंबे, एवढे पुरते.

चौथी गोष्ट, गणतीच्या मागून भाकर गेली पाहिजे. येथे आम्हांस फिरून झमझमकडे वळावे लागते. तेथील भूक मोजली गेली, जाहीर झाली. पण वेढ्यामुळे गरजेच्या मानाने फार थोडे अन्न आत पोहोचले. एप्रिल २०२५ मध्ये त्या छावणीवर हल्ला झाला व थोड्याच दिवसांत ४ लाखांपर्यंत लोक तेथून पुन्हा पळाले. कित्येक तवीला गावाकडे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अल्-फाशेरही पडले. ज्यांची नावे एकदा लिहून झाली होती त्यांची नावे नव्या झाडाखाली पुन्हा लिहावी लागली. निर्वासितांत अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते की, वहीवाले अनेकदा आले, पोते एकदाही आले नाही. ही तक्रार न्याय्य आहे. उणे कळल्यावर मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून निघाला. मोजून जर तो घरी जाऊन निजला असता, तर न मोजणाऱ्यापेक्षा त्याचा दोष अधिक झाला असता. कारण त्यास ठाऊक होते. आज जगास ठाऊक आहे. सूदानविषयी आम्हांस माहिती नव्हती असे म्हणण्याची सोय कोणत्याही राष्ट्रास उरलेली नाही.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेही कोणी समजू नये. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरली. त्याच वस्तीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. १९५१ च्या खानेसुमारीत अशा निर्वासितांची निराळी नोंद केली, तेव्हा भारतात ते सुमारे ७३ लाख भरले. त्या नोंदीतील मुलांची मुले व नातवंडे आज आपले शेजारी व दुकानदार आहेत. जो एकदा आकडा होता तो आज ओळखीचा मनुष्य झाला आहे.

मग खेड्यातल्या मंडळीने काय करावे? वर्तमानपत्रात मोठा आकडा आला की डोळे त्यावरून घसरतात. तसे होऊ देऊ नये. उपासनेच्या वेळी वडिलांनी तो आकडा सावकाश वाचून दाखवावा व त्यातील एका कुटुंबासाठी, जणू ते मागच्या बाकावर बसले आहे असे समजून, प्रार्थना करावी. दान द्यावयाचे ते जे खरी गणती ठेवतात व तिचा हिशेब उघड दाखवितात त्यांस द्यावे. आपल्या गावात कोणी संकटातून पळून आलेले कुटुंब उतरले, तर त्याची जात व कागद विचारण्याआधी त्यात माणसे किती व आज जेवली किती हे विचारावे. त्यांनी विश्वासाने जे सांगितले ते बाजारात बोलू नये. आणि कोणाच्या हाती यादी करण्याचे काम आलेच, तर आपल्या सोयऱ्याचे नाव वर घालू नये, व ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे नाव गाळू नये. यादी लिहिणारा हात हा त्या वेळी वेदीपुढे उभा आहे असे समजावे.

हरवलेले मेंढरू काट्याकुट्यात अडकले असता ओरडून सांगू शकत नाही की, कळपात एक उणे आहे. ते कोणी तरी दाराशी उभे राहून मोजील तरच कळणार. आपला प्रभू तसा मोजतो. म्हणूनच आपण येथवर पोहोचलो. त्याचे म्हणविणाऱ्यांनी मोजावयास कंटाळू नये, आणि मोजून झाल्यावर निजू नये. सूदानच्या रानात आज रात्री जे आपल्या मुलांची संख्या बोटांवर पुन्हा पुन्हा मोजीत बसले असतील, त्यांस देवबाप धीर देवो, आणि त्यांच्या शोधास निघण्याची बुद्धी व बळ आपणां सर्वांस देवो. आमेन.